उंटाचे पुढचे पाय

आक्काच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं, असं म्हणणं त्यांच्यावर थोडं अन्यायाचं होईल. उत्तर त्यांनी अकरा वेळा लिहिलं होतं. पाठवलं एकदाही नव्हतं, एवढंच.

पत्र होतं इनमीन दहा ओळींचं. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून डोंगरावरच्या घरात एकटी राहायची. डांबरी रस्ता संपला की पुढे अकरा किलोमीटर नुसते दगड आणि मध्ये एक ओढा. तिथे फोन लागत नाही. पोस्टमन आठवड्यातून एकदा, सोमवारी, वर जातो. तिनं लिहिलं होतं:

'धाकट्या, डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. बारा तारखेचा शुक्रवार. गुरुवारी सकाळी ह्यांची गाडी घेऊन मला न्यायला ये. दुसरी गाडी इथवर चढत नाही हे तुला ठाऊक आहे. येणार असशील तर हो लिही, नसशील तर नाही लिही. एक शब्द पुरे. त्या आठवड्यातल्या सोमवारी पोस्टमन वर येईल. त्याच्याकडे तुझं पत्र नसलं तर मी तारीख सोडली असं कळवून टाकीन, दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल. पुढची तारीख आठ महिन्यांनी. उजवा डोळा गेलाच आहे, डावा तितके दिवस थांबणार नाही असं डॉक्टर म्हणतात. अक्षर वाकडं आलंय. चुका काढू नकोस.'

अक्षर वाकडं तर होतंच, शिवाय एकेक अक्षर बोराएवढं होतं आणि शेवटची ओळ कागदावरून खाली उतरून पाठीमागे गेली होती. ग्रंथपालांनी चुका काढल्या नाहीत. पण तो एक शब्द काही त्यांच्या हातून उतरेना.

छत्तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढलेला माणूस. शब्दांची त्याला वानवा असायचं कारण नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी 'हो' लिहिलं. कागद दूर धरून पाहिला, तर तो 'हो' फार छाती काढून उभा असल्यासारखा वाटला. मग 'हो, बहुधा' लिहिलं. ते वाचून आक्का काय म्हणेल याचा विचार करून तेही फाडलं. 'नाही' लिहायला घेतलं तेव्हा पेनातली शाई संपली. ग्रंथपाल शकुन मानत नसत, पण त्या दिवशी त्यांनी मानला. चौथा खर्डा तीन पानी झाला आणि त्यात त्या रस्त्याचा सबंध इतिहास आला.

खरी अडचण गाडीची होती. मेहुणे रस्त्यांच्या मोजणीच्या खात्यात होते. त्यांनी आपल्या पिकअप गाडीच्या स्प्रिंगांवर लोखंडी ठोकळे बसवून ती चार इंच उंच करून घेतली होती आणि तशी रीतसर परवानगीही काढली होती. ते गेल्यावर आक्कानं गाडी धाकट्या भावाकडे पाठवली. गल्लीत तिला 'उंट' म्हणत. ग्रंथपालांची उंची बेताची. निवृत्तीच्या वेळी शाळेनं त्यांना ग्रंथालयातलं दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल भेट दिलं होतं. वरच्या कप्प्यातली पुस्तकं काढायचं ते स्टूल आता गाडीत चढायला लागायचं. ते आधी मांडायचं, वर चढायचं, मग दारातून वाकून त्याला आत ओढायचं. हे सगळं होईस्तोवर मागची वाहनं हॉर्न वाजवत राहत. बायको तर एकदाच बसली आणि म्हणाली, "अहो, हे गाडीत बसणं नव्हे, माळ्यावर चढणं आहे."

त्यात उंटाचे पुढचे पाय दुखत होते. प्रत्येक खड्ड्याला खालून 'टक्' असा आवाज येई. स्टिअरिंग पाव वळसा फिरवलं की गाडी जरा विचार करी, आपला अर्ज पुढे पाठवायचा की नाही अशा थाटात, आणि मग वळे. अशा गाडीतून एक डोळा गेलेल्या बहिणीला ओढ्यातून आणि दगडांतून खाली आणायचं?

पत्र आल्यावर नवव्या दिवशी ते गाडी घेऊन वाहन तपासणीच्या कार्यालयात गेले. डोंगराच्या पायथ्याशी नाका आहे आणि तपासणीचा शिक्का असल्याशिवाय गाडी वर सोडत नाहीत. तपासनीस अबोल माणूस. त्यानं पुढच्या चाकाखाली पहार घातली, एक हिसका दिला. चाक सैल दातासारखं हललं.

"खालचे आर्म गेले," तो म्हणाला. "बुश, बॉल जॉइंट, सगळं. बदलून आणा. पुढच्या सोमवारपर्यंत."

आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी हात. सांगाड्याकडे त्याला रबरी बुश असतात, चाकाकडे बॉल जॉइंट, म्हणजे खुबा. ही माहिती ग्रंथपालांना तपासनिसानं दिली नाही, ती त्यांनी गाडीच्या मॅन्युअलमधून मिळवली. मॅन्युअल मेहुण्यांनी इतकं वापरलं होतं की पानं सुटी झाली होती. फाटक्या पुस्तकाला हात लावायचा तर आधी ते नीट करायचं, हा ग्रंथपालांचा जन्माचा नेम. सबंध एक दिवस त्यांनी मॅन्युअल शिवण्यात, फाटलेल्या पानांना खाकी कागदाच्या पट्ट्या चिकटवण्यात आणि पाठीवर क्रमांक घालण्यात घालवला.

"गाडी दुरुस्त करायचीय ना?" बायकोनं विचारलं.

"त्याचीच तयारी चाललीय."

गॅरेजवाल्यानं गाडी घेतली, लिफ्टवर चढवली, बटण दाबलं. अर्ध्या उंचीवरच वरच्या तुळईवर गाडीचा टप आपटला.

"आजोबा, गाडी मावत नाही."

"छप्पर थोडं..."

"छप्पर उचलायचं म्हणता?"

दुसऱ्या गॅरेजात गाडी दारातूनच आत गेली नाही. तिसऱ्यानं लांबूनच हात हलवला. हा हात 'या' म्हणतोय असं समजून ग्रंथपाल बरेच पुढे गेले आणि त्यांचा आणखी थोडा अपमान झाला.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या डेंटिस्टांनी विषय हातात घेतला. तेही निवृत्त. दवाखाना बंद केल्यापासून त्यांचे हात शिवशिवत असत.

"ग्रंथपाल, आपणच करू. वाचायला तुम्ही, उपटायला मी."

"मला नाही वाटत डॉक्टर, आपल्याला जमेल. अर्थात मला वाटतं ते चूक असू शकेल."

"चूकच आहे. चला, सामान आणू."

सुट्या भागांच्या दुकानातल्या बाई काउंटरमागे विणकाम करत होत्या. त्यांनी मॅन्युअलच्या पाठीवरचा क्रमांक पाहिला, ग्रंथपालांकडे पाहिलं, आणि दोन नवे आर्म काउंटरवर ठेवले. बुश आणि जॉइंट बसवलेले.

"करणार कोण?"

"आम्ही," डेंटिस्ट म्हणाले.

बाईंनी आत जाऊन दोन भक्कम स्टँड आणले, गाडी जॅकनं उचलल्यावर तिच्याखाली ठेवायचे. "हे न्या. परत आणून द्या. म्हणजे तुम्ही दोघंही परत आलात असं मला कळेल."

आक्काच्या गुरुवारच्या बरोबर आठवडाभर आधी, गुरुवारी सकाळी, अंगणात गाडी स्टँडवर चढली. पुढची चाकं काढली. उंट गुडघे कापून टाकल्यासारखा लोंबकळत उभा राहिला. ग्रंथपाल गाडीखाली जायचे आणि दर दोन मिनिटांनी बाहेर येऊन स्टँडकडे बघायचे. बायको पायरीवर बसून मॅन्युअलमधून एकेक कृती मोठ्यानं वाचत होती. सात बोल्ट निघाले, आठवा गंजला होता. त्याच्यावर तेल ओतून दुपारपर्यंत वाट पाहिली. गल्लीतले लोक येऊन उभे राहिले. एकानं सांगितलं, तापवा. दुसऱ्यानं सांगितलं, अजिबात तापवू नका, आमच्या साडूची गाडी तशीच गेली. गेली म्हणजे कुठे गेली, हे विचारायचं ग्रंथपालांना धाडस झालं नाही.

आठवा बोल्ट चार वाजता सुटला. बॉल जॉइंट मात्र जागचा हलेना. नट काढला, हातोडे मारले, पहारीनं रेटलं. तो चाकाच्या खोबणीत असा रुतून बसला होता की जणू वारसाहक्कानं ती जागा त्याची.

"अक्कलदाढ," डेंटिस्ट म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "ओढायची नाही. आधी मुळाशी हलवायची. पाचर द्या. पहारीवर तुमचं सगळं वजन टाका. भूल देता येत नाही एवढंच वाईट."

ग्रंथपालांचं सगळं वजन म्हणजे फार नव्हे. त्यांनी डोळे मिटून ते पहारीवर टाकलं. डेंटिस्टांनी पाचरीवर घाव घातला. एक, दोन, तीन. चौथ्या घावाला तोफेसारखा धडाका झाला आणि गाडी थरथरली. ग्रंथपाल अंगणात पाठीवर पडले होते. आपले पाय हलतात का हे त्यांनी एकेक करून पाहिलं.

"निघाला!" डेंटिस्ट ओरडले. "अहो, मुळासकट निघाला!"

बायको पायरीवरून धावत आली होती. नवरा जिवंत आहे एवढं पाहून तिनं विचारलं, "वन्संना उत्तर टाकलंत का?"

"गाडी झाली की टाकतो."

"आणि नाही झाली तर?"

ग्रंथपाल पडल्या पडल्या म्हणाले, "तर 'नाही' लिहीन. खोटी आशा कशाला?"

"मग ते पत्र तुम्हीच पेटीत टाका. माझ्या हातून पडायचं नाही ते."

शुक्रवारी दुसरी बाजू झाली. नवे आर्म बसले, बोल्ट पुस्तकात लिहिल्याइतके घट्ट आवळले, आधी डेंटिस्टांनी, मग खात्रीसाठी ग्रंथपालांनी, आणि मग पुन्हा खात्रीसाठी डेंटिस्टांनी. चाकं चढली. गाडी खाली उतरवली. पहार घालून हिसका दिला, चाक हललं नाही. ग्रंथपालांना इतका आनंद झाला की त्यांनी तो लगेच आवरला.

शनिवारी तपासणीचं कार्यालय एक वाजेपर्यंत. मोठ्या पोस्टातली पेटी दोन वाजता उघडतात, आणि सोमवारी डोंगरावर जाणारी थैली त्याच टपालातून भरते. म्हणजे सगळं व्यवस्थित बसत होतं. दहा वाजता रांगेत उभं राहायचं, अकराला शिक्का घ्यायचा, साडेअकराला शांतपणे 'हो' लिहायचं. रिकामं अंतर्देशीय पत्र ग्रंथपालांनी खिशात ठेवलंच होतं.

रांग मोठी निघाली. नंबर बारा वाजून पाच मिनिटांनी लागला. तपासनिसानं पहार घातली, हिसका दिला, मान डोलावली. ग्रंथपालांचा श्वास सुटला. तेवढ्यात कारकून मोजपट्टी घेऊन आला. त्यानं चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत मापलं, वहीतलं मूळ माप त्यातून वजा केलं, पुन्हा मापलं.

"तुम्हाला परवानगी चार इंचांची आहे. ही पाच भरतेय."

"चारच असेल हो. आम्ही उंचीला हातसुद्धा लावला नाही."

"मागच्या वेळी मीच लिहिलंय. चार. आज पाच. गाडी वाढतेय."

मागे रांगेतल्या ट्रकवाल्यानं मान बाहेर काढली. "काका, खत कुठलं घालता?"

सगळी रांग हसली. डेंटिस्ट हळूच म्हणाले, "सूज असेल. काढल्यावर येते थोडी."

"बाजूला घ्या गाडी," कारकून म्हणाला. "माप बसलं तर एकच्या आत या. नाहीतर सोमवारी."

ग्रंथपालांनी गाडी कुंपणाशी लावली. कान तापले होते. स्टूल मांडून ते त्यावर बसले आणि मॅन्युअल उघडलं. त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. जग अंगावर आलं की पुस्तक उघडायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्यात नीट येत होती. तीच तीच पानं. चौकटीतलं चित्र. बोल्ट आवळण्याची कृती. ऊन पानाच्या पाठीमागून येत होतं आणि पानाच्या तळाशी त्यांनी स्वतः चिकटवलेल्या खाकी पट्टीखाली बारीक काळ्या रेघा दिसत होत्या.

पट्टीखाली मजकूर होता.

ग्रंथपालांनी बोट जिभेला लावून पट्टी भिजवली. मुलांनी असं केलं की ते त्यांना दंड करीत. पट्टी सोलून निघाली. खाली तळटीप होती: 'आर्मचे बोल्ट गाडीचा पूर्ण भार चाकांवर आल्यावरच अखेरचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळल्यास रबरी बुशांना पीळ बसतो, गाडी उचललेली राहते व रबर लवकरच फाटते.'

जन्मभर त्यांनी मुलांना सांगितलं होतं की तळटीप वाचल्याशिवाय पान उलटू नका. आणि इथे स्वतःच्या हातानं, खळ लावून, वरून बोट फिरवून, त्यांनी तळटीप बुजवली होती.

"डॉक्टर," ते पुस्तक पुढे करत म्हणाले, "दोष गाडीचा नाही. माझा आहे."

डेंटिस्टांनी टीप वाचली. "म्हणजे कवळीसारखं. तोंड मिटून बघायची, आ करून नव्हे. आता काय, परत जॅक?"

"नाही. जॅक नकोच. भार चाकांवरच हवाय."

आणि मग लक्षात आलं की गाडी उंट आहे. जॅकशिवाय तिच्याखाली माणूस सरळ सरकत जातो. ग्रंथपालांनी चष्मा नाकावर घट्ट दाबला, पाना घेतला आणि पन्नास माणसांसमोर, इस्त्रीच्या शर्टासकट, धुळीत पाठीवर झोपून ते आत गेले. बाहेर फक्त त्यांच्या चपला राहिल्या.

बुशांकडचे बोल्ट चार होते, प्रत्येक बाजूला दोन. पहिला डेंटिस्टांनी आणि त्यांनी तीन वेळा आवळलेला होता, त्याचं फळ आता मिळालं. दोन्ही पायांनी चाकाला रेटा दिला तेव्हा तो करकरला. दुसरा सुटला. इंजिनाचं काळं तेल त्यांच्या कपाळावर पडलं. तिसरा. वरती डेंटिस्ट वेळ सांगत होते, बारा चाळीस, बारा पंचेचाळीस, रोग्याला धीर द्यावा तसे. चौथा बोल्ट ढिला झाला, आणि दमलेल्या माणसानं खुर्चीत बसावं तशी गाडी हलकेच खाली बसली. ग्रंथपालांच्या नाकापासून ती एक इंच जवळ आली. त्यांनी एवढा वेळ भीतीचा विचारच केला नव्हता. तो आता केला, आणि मग पुन्हा आवळायला लागले.

ते बाहेर आले तेव्हा खिडकीचं शटर खाली येत होतं.

"झालं! माप बसलं!" डेंटिस्ट धावले.

"सोमवारी," शटरच्या फटीतून आवाज आला. मग फटही मिटली.

डेंटिस्ट परत आले. त्यांनी आपल्या फूटपट्टीनं मापलं. चार. नेमके चार. पण डेंटिस्टांच्या फूटपट्टीला नाक्यावर कोण विचारतो?

"शिक्का सोमवारी मिळेलच हो," ते म्हणाले. "आज असं लिहा, 'शिक्का मिळाल्यास येतो'."

ग्रंथपालांनी तेच मनात लिहून पाहिलं. बारावा खर्डा. तो आक्काला सोमवारी पोस्टमन वाचून दाखवणार, आणि मग ती गुरुवारी काय करणार? पिशवी भरायची की नाही? आणि नुसतं 'हो' लिहिलं आणि सोमवारी आणखी काही निघालं, किंवा डोंगरावर अर्ध्यात काही तुटलं, तर? ती दारात बसून राहील. हाक ऐकू येते का म्हणून रस्त्याकडे कान लावून. तारीख गेलेली, दुसऱ्या कुणाला उपयोगीही नाही.

"डॉक्टर, बसा," ते म्हणाले. "खाणीच्या रस्त्यानं जाऊ."

"तो बंद रस्ता? अहो, तिथे नुसते धोंडे आहेत. सव्वा वाजलाय."

"म्हणूनच."

खाणीच्या रस्त्यावर ग्रंथपालांनी आयुष्यात प्रथमच काटा चाळीसवर गेलेला पाहिला. डेंटिस्टांनी दोन्ही हातांनी वरची दांडी धरली होती आणि तोंड घट्ट मिटलं होतं, रोग्यांना ते कधी मिटू देत नसत. दगडांवरून गाडी चढली, उतरली, एका खळग्यात नाकावर गेली. ग्रंथपाल कान देऊन ऐकत होते. स्टूल मागे आपटत होतं. पाने खडखडत होते. डेंटिस्ट तोंड उघडलंच तर 'अहो, अहो' म्हणत होते. खालून मात्र काही आवाज नव्हता. वळण आलं, स्टिअरिंग फिरवलं, गाडी वळली. विचार न करता. रस्त्याच्या शेवटी त्यांनी उतरून चाकाखाली पहार घातली आणि तपासनीस देई तसा हिसका दिला. मग दुसऱ्या चाकाला. मग खाली वाकून चारही बोल्टांना बोट लावून पाहिलं.

"काय?" डेंटिस्टांनी विचारलं. त्यांचा रंग अजून परतला नव्हता.

"मी तपासलं," ग्रंथपाल म्हणाले.

दोनला आठ मिनिटं असताना गाडी मोठ्या पोस्टासमोर थांबली. बॉनेट त्यांच्या हनुवटीला लागत होतं, म्हणून त्यांनी फुटपाथवर बसून स्टुलावर पत्र ठेवलं. तेलकट बोटांचा ठसा आधीच कोपऱ्यात उमटला होता. त्यांनी 'हो' लिहिलं. आक्काला दिसावं म्हणून बोराएवढं. पुढे काहीतरी जोडावं म्हणून पेन थोडा वेळ कागदावर तरंगलं. मग त्यांनी टोपण लावलं, पत्ता घातला, कडा थुंकी लावून चिकटवल्या.

पेटीपाशी गेल्यावर त्यांनी पत्र फटीत घातलं. हात मनगटापर्यंत आत गेला. पण बोटं काही सुटेनात. नाका, ओढा, सोमवारचा कारकून, सगळे एकदम त्या फटीतून त्यांच्याकडे बघत होते.

खाली किल्ल्या वाजल्या. टपाल काढणारा माणूस थैली घेऊन उकिडवा बसला होता. त्यानं पेटीचं दार उघडलं, आतली पत्रं हातानं ओढली, आणि वर पाहिलं. पेटीच्या आत, छतापासून, एक काळा तेलकट हात पत्र धरून लोंबत होता.

"आजोबा," तो म्हणाला, "टाकताय का परत नेताय? मला थैली बांधायचीय."

ग्रंथपालांनी बोटं सोडली.